दुष्काळांत कोणतें बीं द्यावें?

(दुष्काळनिवारण समितीच्या सर्वसाधारण सभेंत केलेलें भाषण)



समितीचा जमाखर्च आपणांपुढें वाचण्यांत आलाच आहे, व त्यास जोडलेली मदतीची विनंतीही आपल्या हातीं आहे. त्या विनंतींत तीन वस्तू मागितल्या आहेत: माणसांस धान्य, जनावरांस वैरण आणि पुढील पेरणीस बियाणें. पहिल्या दोन वस्तूंविषयीं आम्हीं आपणांस कांहीं सांगावें असें नाहीं. उपाशी मूल आणि दावणीला हंबरणारें जनावर यांस आपली बाजू मांडण्यास वकील लागत नाहीं. तिसऱ्या वस्तूची गोष्ट निराळी. बीं मुकें आहे. त्याची उणीव आज कोणास दिसत नाहीं. ती चार महिन्यांनीं शेत ओसाड राहिलें म्हणजे दिसते, आणि तेव्हां उपाय हातचा गेलेला असतो. म्हणून या मुक्या पक्षकाराचें वकीलपत्र आज आम्हीं घेतलें आहे.

आमचें म्हणणें एका वाक्यांत सांगतां येईल. दुष्काळी मुलखांत नुसता ‘हरभरा’ वाटा, ‘तूर’ वाटा, असें म्हणून भागत नाहीं. कोणता हरभरा, कोणती तूर, कोणत्या जमिनीस व किती उरलेल्या ओलीस, हें ठरविल्यावांचून दिलेलें दान अर्धें वायां जातें. एकाच कडधान्याच्या दोन वाणांत अवर्षण सोसण्याच्या कामीं इतकें अंतर असूं शकतें कीं एकाच बांधाच्या दोन बाजूंस एकाचें खळें भरावें व दुसऱ्याच्या पदरीं नुसता भुसा यावा.

प्रथम थोडा इतिहास सांगतों. सन १८७६ ते १८७८ या सालांत दख्खनवर जो भयंकर दुष्काळ पडला, त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ कमिशनानें सन १८८० मध्यें आपला रिपोर्ट सादर केला. त्यापुढें सन १८८३ मध्यें जमीनसुधारणेच्या कर्जाचा व सन १८८४ मध्यें शेतकऱ्यांच्या कर्जाचा, असे दोन कायदे झाले. या दुसऱ्या कायद्यान्वयें बीं व बैल घेण्यास सरकारांतून कर्ज देण्याची सोय झाली. आपल्याकडे ज्यास तगाई म्हणतात ती हीच. म्हणजे शेतकऱ्यास जगवून त्याचें शेत नापेर ठेवणें ही अपुरी मदत होय, हें तत्त्व कायद्यानें सव्वाशें वर्षांहून अधिक काळापूर्वींच मान्य केलें आहे. पुढें सन १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लक्षावधि माणसें रस्ते व तळीं यांच्या कामांवर खपलीं, आणि त्या अनुभवांतून सन १९७७ चा रोजगार हमीचा कायदा जन्मास आला. त्यानें हातांस काम दिलें. परंतु पेरणीच्या वेळीं शेतकऱ्याच्या ओटींत जें बीं पडतें तें कोणत्या जातीचें असावें, हा प्रश्न ना तगाईच्या कायद्यानें विचारला, ना हमीच्या कायद्यानें. कायद्याचें तें कामही नव्हे. तें काम आपल्यासारख्या समित्यांचें आहे.

कडधान्यांवरच आमचा भर कां, असें कोणी विचारील. त्यास तीन कारणें आहेत. गरिबाच्या ताटांत मांस व दूध क्वचित्; त्याच्या अंगांत जें बळ यावयाचें तें डाळीच्या व उसळीच्या वाटेनें. दुसरें, कडधान्याचा पाला व भुसा जनावरांस चालतो. तिसरें, या पिकांच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र जमिनींत आणून ठेवितात, त्यामुळें खतास पैसा नसलेल्या कुळाचें पुढचें पीकही कांहीं अंशीं सांवरतें. एका बियाण्यांत माणूस, जनावर आणि जमीन या तिघांचें हित साधतें, असें दुसरें दान आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आतां अवर्षण म्हणजे काय तें नीट पाहूं. कारण ‘पाऊस पडला नाहीं’ या तीन शब्दांच्या तक्रारींत तीन निरनिराळ्या आपत्ती दडलेल्या असतात. एक, मृग कोरडा जाऊन पेरणीच उशिरां होते. दुसरी, पेरणी वेळेवर होते, पीक तरारतें, आणि ऐन फुलोऱ्यांत तीन-चार आठवड्यांचा खंड पडतो. सन २०२३ चा ऑगस्ट महिना या जातीचा होता; सन १९०१ पासून ठेवलेल्या नोंदींत सबंध हिंदुस्थानांत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, आणि त्या वर्षीं ऑक्टोबरअखेर महाराष्ट्र सरकारास चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. तिसरी आपत्ति अशी कीं परतीचा पाऊस दगा देतो, व रब्बीचें पीक जमिनींतील सांठलेल्या ओलीवर वाढतां वाढतां दाणा भरण्याच्या वेळींच ओल संपते. या तिन्ही आपत्तींस एकच औषध नाहीं. म्हणून एकच वाण सर्वत्र वाटणें हें शहाणपणाचें नव्हे.

या आपत्तींस वनस्पतीही तीन रीतींनीं तोंड देते. येथें व्यापारी मंडळी पुष्कळ जमली आहेत, तेव्हां त्यांच्याच भाषेंत सांगतों. कांहीं दुकानदार मंदी येण्यापूर्वींच माल विकून खातें बंद करितात; तशीं कांहीं पिकें ओल संपण्यापूर्वींच पिकून मोकळीं होतात. कांहीं दुकानदार आरंभीं हात आंखडून भांडवल राखतात व निकडीच्या वेळीं तें बाहेर काढतात. तशीं कांहीं पिकें लहानपणीं पाणी जपून वापरतात, किंवा खोल मुळ्या धाडून इतरांस न सांपडणारी ओल मिळवितात. आणि कांहीं दुकानें तोटा सोसूनही उभीं राहतात व बाजार सुधारतांच पुन्हां सुरू होतात; तशीं कांहीं पिकें कोमेजूनही मरत नाहींत, व एक सर पडतांच नवा फुटवा घेतात. पहिलीं निसटतात, दुसरीं जपतात, तिसरीं सोसतात.

ही तीन नांवें ध्यानांत ठेवून आपल्या ओळखीचीं कडधान्यें एकेक पाहूं.

हलक्या, मुरमाड, बरड जमिनींत पहिला मान मटकी व हुलगा यांचा. मटकीचा वेल जमिनीवर चटईसारखा पसरतो. त्याच्या सांवलीनें माती तापत नाहीं व ओल लवकर उडत नाहीं. राजस्थानच्या वाळूंतही ती येते याचें कारण हेंच. परंतु मटकींतही भेद आहे. जुन्या पसरट जातींस पिकण्यास तीन महिन्यांच्या आसपास लागत. राजस्थानांत सन १९९४ मध्यें प्रसृत झालेला ‘आर.एम.ओ. ४०’ हा उभट वाण सुमारें साठ-पासष्ट दिवसांत निघतो. जेथें पाऊस दोनच महिने टिकतो तेथें हे पंचवीस-तीस दिवस म्हणजे पीक व नापीक यांतील अंतर आहे. मात्र पसरट जातींचा पाला जनावरांस अधिक मिळतो. म्हणून ज्याच्या दावणीस गुरें आहेत त्यास नवा वाण देण्यापूर्वीं विचारावें, हें आमचें सांगणें आहे.

हुलगा, ज्यास कोंकणांत कुळीथ म्हणतात, तो तर दुष्काळाचा जुना सोबती. दुसरीं पिकें बुडाल्यावर श्रावण-भाद्रपदांतही तो पेरतां येतो. कोंकणांत भात निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर तो येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें त्याचे जे वाण काढले त्यांस ‘माण’ व ‘सीना’ अशीं नांवें दिलीं आहेत. हीं दोन्ही आपल्या अवर्षणी मुलखांतल्या नद्यांचीं नांवें आहेत, हें ऐकून त्या नद्यांच्या कोरड्या पात्रांकांठीं राहणाऱ्यांस नांव ठेवणाराचें कौतुकच वाटेल.

मूग व उडीद हीं निसटणाऱ्यांपैकीं; साठ ते पंचाहत्तर दिवसांत शेत मोकळें करितात. परंतु त्यांचा फुलोरा थोड्या दिवसांचा असल्यामुळें नेमका त्याच वेळीं खंड पडला तर त्यांस सांवरण्यास अवधि राहत नाहीं. याच्या उलट तूर. तुरीचें मूळ खोल जातें, तिची फुलें पुष्कळ दिवस येत राहतात, आणि एक बहर गळाला तरी ओल मिळतांच दुसरा बहर ती धरते. मधल्या खंडास तुरीइतकें दाद न देणारें दुसरें पीक आपल्याकडे थोडेंच असेल. पण तिचें हेंच बळ शेवटीं तिच्या अंगाशीं येतें. कारण ती दीर्घ मुदतीची, आणि तिचा दाणा भरण्याची वेळ येईतों पाऊस जाऊन दोन-दोन महिने लोटलेले असतात.

येथें वाणाचा प्रश्न स्पष्ट दिसतो. मराठवाड्यांत ‘बी.एस.एम.आर. ७३६’ ही लाल तूर प्रसिद्ध आहे. मर व वांझ या दोन रोगांस ती दाद देत नाहीं. भारी काळ्या जमिनींत तिचा उतारा उत्तम येतो. पण तिला पिकण्यास सहा महिन्यांच्या जवळपास लागतात. जालना जिल्ह्यांतील बदनापूरच्या संशोधन केंद्रानें काढलेला व सन २०१२ मध्यें प्रसृत झालेला ‘बी.डी.एन. ७११’ हा पांढऱ्या तुरीचा वाण सुमारें एकशें पन्नास ते एकशें साठ दिवसांत, आणि बहुतेक एकदमच, पिकतो. आतां असें समजा कीं दोन भाऊ आहेत. वडिलांच्या वांटणींत एकास ओढ्याकांठची भारी जमीन आली व दुसऱ्यास माळावरची मध्यम. धाकट्यानें थोरल्याचें पाहून ७३६ पेरली. भारी जमिनींत पौषांतही ओल असते; माळावर ती मार्गशीर्षांतच संपते. थोरल्याच्या शेंगा भरतात, धाकट्याच्या चपट्या राहतात. वाण वाईट नव्हता. मेहनतही कमी नव्हती. चूक एवढीच कीं बीं जमिनीच्या मुदतीचें नव्हतें. दोघांस एकच पोतें वाटणारी समिति थोरल्यास मदत करील व धाकट्यास, नकळत कां होईना, बुडवील.

आतां हरभऱ्याकडे वळूं. कारण आमच्या रब्बीच्या वाटपांत मोठा भाग त्याचा आहे. हरभरा सर्वस्वीं ठेवीवर जगतो. पावसाळा संपल्यावर तो पेरला जातो. जमिनींत जी ओल असेल तेवढीच त्याची पुंजी. वरून भर क्वचित् पडते. तेव्हां त्याच्या बाबतींत तिसरी आपत्ति, म्हणजे शेवटास ओल तुटणें, हीच मुख्य.

हरभऱ्याचे कोणते वाण ही तूट सोसतात, याचा शोध हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें सन १९७२ मध्यें स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनें दीर्घकाळ चालविला आहे. तेथील बीजसंग्रहांत ‘आय.सी.सी. ४९५८’ म्हणून एक हरभरा आहे. त्याच्या मुळांचा विस्तार मोठा, म्हणून अवर्षण सोसणारा अशी त्याची ख्याति. त्याच्या अंगचे हे गुण ज्या आनुवंशिक भागाशीं जोडलेले आढळले, तो भाग ‘पुसा ३७२’ या दुसऱ्या हरभऱ्यांत उतरवून दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें ‘पुसा १०२१६’ हा वाण तयार केला, व सन २०१९ मध्यें त्याची शिफारस झाली. पूर्वीं अशा संकरास केवळ डोळ्यांनीं निवड करीत पिढ्या घालवाव्या लागत. आतां रोपाच्या अंतरंगांतील खुणा तपासून निवड करितां येते.

पण खोल मूळ हेंच सर्व कांहीं, अशी समजूत करून घेऊं नये. त्याच इक्रिसॅटमधून सन २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत मोठा मनोरंजक निर्णय निघाला. अवर्षण सोसणारे व न सोसणारे हरभरे शेजारीं शेजारीं वाढवून, कोणीं केव्हां किती पाणी घेतलें तें मोजण्यांत आलें. तेव्हां असें दिसलें कीं सोसणाऱ्या हरभऱ्यांचें वैशिष्ट्य मुळांच्या खोलीपेक्षां पाण्याच्या काटकसरींत अधिक होतें. ते बाळपणीं पाणी कमी खर्चीत, आणि फुलोऱ्यानंतर, घाटे भरण्याच्या वेळीं, त्यांच्यासाठीं जमिनींत पाणी शिल्लक राही. न सोसणारे आरंभींच हिरवेगार, डौलदार दिसत. आणि शेवटीं त्यांची पुंजी संपलेली असे. येथें बसलेल्या सावकार मंडळींस हा न्याय नवा नाहीं. आमची मात्र एवढीच विनंति कीं मार्गशीर्षांत शेत पाहून ‘केवढें माजलें आहे!’ म्हणून वाण पसंत करूं नये. माघांत खळें पाहून करावा.

आपल्या महाराष्ट्रांत जिरायती हरभऱ्यासाठीं राहुरीच्या विद्यापीठाचा ‘विजय’ हा वाण सन १९९४ पासून परिचित आहे. तो जिरायतींत सुमारें पंचाऐंशी ते नव्वद दिवसांत पिकतो, मर रोगास दाद देत नाहीं, आणि अवर्षणांत बरा तग धरतो. त्याच विद्यापीठाचा ‘विशाल’ हा टपोऱ्या, पिवळ्या दाण्याचा. त्यास एकशें दहा ते पंधरा दिवस लागतात व एक-दोन पाणी मिळालें तर तो सोनें करितो. बाजारांत विशालास दर चांगला, म्हणून देणगीदारांस वाटतें कीं द्यावयाचें तर उत्तमच द्यावें. भावना उदात्त आहे. परंतु विहीर आटलेल्या कुळास पाण्याचें पीक देणें म्हणजे अनवाणी माणसास चांदीचें खोगीर देणें होय. शिवाय हिशेबही पाहा. विजयाचें बीं हेक्टरीं पासष्ट ते सत्तर किलो पुरतें. टपोऱ्या जातींचें शंभर किलो लागतें. म्हणजे एका क्विंटलांत विशाल एक हेक्टर पेरला जाईल, तर विजय जवळजवळ दीड हेक्टर. तेवढ्याच ओझ्यांत अडीच एकरांऐवजीं साडेतीन एकरांहून अधिक जमीन पेरली जाते, आणि तीही ज्या बियाण्याच्या हातून निभण्याचा संभव अधिक त्यानें.

सोयाबीन व भुईमूग यांविषयीं दोन शब्द बोलणें जरूर आहे, कारण आज आपल्या मुलखांत सोयाबिनाचा विस्तार फार झाला आहे. त्याच्या मुळांवरील गांठींचें नत्र-साधनाचें काम अवर्षणांत फार लवकर मंदावतें. पानांचें काम चालू असतांच तें बंद पडूं लागतें. सन १९९४ मध्यें जबलपुराहून आलेला ‘जे.एस. ३३५’ हा वाण पंचाण्णव ते शंभर दिवसांचा; ‘जे.एस. ९५-६०’ हा त्याहून सुमारें दहा-बारा दिवस आधीं निघतो, म्हणून शेवटच्या तुटींतून निसटतो. पण पाऊस मध्येंच थांबून शेवटीं पुन्हां चांगला झाला, तर उशिरां पिकणाराच लाभ उठवितो. म्हणून आमचें मत असें कीं ज्यास एकच शेत आहे त्यासही दोन मुदतींचें बीं द्यावें, आणि सोयाबिनांत तुरीच्या ओळी घालण्यास उत्तेजन द्यावें. एक पीक निसटणारें, दुसरें सोसणारें.

भुईमुगाच्या बाबतींत आंध्र प्रदेशांतील अनंतपूर जिल्ह्याचें उदाहरण शिकण्यासारखें आहे. तेथें ‘टी.एम.व्ही. २’ हा सन १९४० मध्यें प्रसृत झालेला वाण साठ वर्षांहून अधिक काळ शेतकऱ्यांच्या हातीं राहिला. इक्रिसॅटचा ‘आय.सी.जी.व्ही. ९१११४’ हा अवर्षणांत त्याहून सरस ठरलेला वाण तेथें सन २००६ मध्यें प्रसृत झाला. पण चांगला वाण निघाला म्हणजे तो शेतांत पोंचला असें होत नाहीं. भुईमुगाचें बीं एकरीं फार लागतें व एका हंगामांत तें फार पटींनीं वाढत नाहीं. नवें बीं पुरेसें तयार करून ठेवणारे कोणी नसले तर गरीब कुळ जुन्यासच धरून बसतें, आणि त्यास आपण अडाणी म्हणतों. उणीव त्याच्या बुद्धींत नसते. बियाण्याच्या कोठींत असते.

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेंतील सेनेगल देशाचें. तेथें सन १९६८ नंतर पावसाळा आंखूड होत गेला आणि जुनी, उशिरां पिकणारी चवळी हातीं लागेनाशी झाली. सन १९८५ मध्यें तेथील सरकारानें लवकर पिकणाऱ्या चवळीचें बीं कॅलिफोर्नियांतून मोठ्या प्रमाणांत आणून वाटलें, आणि त्या वर्षीं चवळीचें उत्पन्न पुष्कळ वाढलें. परंतु परक्या बियाण्यास तेथील किडींनीं ग्रासलें. तेव्हां त्याच देशांतील संशोधकांनीं पुढें लवकर पिकणारे व किडींस तोंड देणारे स्वतःचे वाण तयार केले. यांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: योग्य मुदतीचें बीं एका हंगामांत फरक करूं शकतें, आणि कायमचें समाधान आपल्याच मातींत पारखलेल्या बियाण्यानें होतें.

आतां आमच्यापुढें जो प्रत्यक्ष प्रश्न आहे त्याकडे येतों. कांहीं सन्मान्य देणगीदारांचें म्हणणें असें कीं मोंढ्यांतून हरभरा व तूर घेऊन तीच बीं म्हणून वाटावी. त्याच पैशांत पोतीं अधिक येतील. पोतीं अधिक येतील हें खरें. परंतु मोंढ्यांतील ढिगांत दहा गांवांचे दहा वाण एकत्र झालेले असतात. कांहीं ऐंशी दिवसांचे, कांहीं एकशें पंधरांचे. कांहीं मर लागणारे, कांहीं न लागणारे. त्यांतून निघणारें शेत एकदम पिकत नाहीं व त्याची पारख कोणासही करितां येत नाहीं. पुन्हां, उगवणशक्तीचें काय? प्रमाणित हरभऱ्याची उगवण शेंकडा ८५ हून कमी चालत नाहीं. तूर व मूग यांची ७५ हून, आणि सोयाबीन व भुईमूग यांची ७० हून. मोंढ्यांतल्या दाण्याचा असा कोणताही करार नसतो. खाण्याचा दाणा निराळा व पेरण्याचा दाणा निराळा. सन १९६६ च्या बियाण्याच्या कायद्यानें अधिसूचित वाणांच्या बियाण्यावर जातीची ओळख, उगवण व शुद्धता यांची चिठ्ठी बांधण्याची अट घातली ती याचसाठीं. ज्याच्याजवळ पेरणीची संधि एकच आहे, त्याच्या शेतावर आपण आपल्या काटकसरीचा प्रयोग करूं नये.

दुसरी शंका कांहीं बागाइतदार मित्रांनीं काढिली आहे. घरचें राखलेलें बीं शेजाऱ्यास देणें कायद्यास धरून आहे काय? याचें उत्तर आमच्या धंद्यांतलें असल्यामुळें निःसंकोचपणें देतों. सन २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी-हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वांटण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. बंदी एवढीच कीं संरक्षित वाणाचें बीं छापील नांवाच्या पिशवींत भरून त्या नांवानें विकूं नये. तेव्हां या बाबतींत कोणीं भय बाळगण्याचें कारण नाहीं.

तिसरी गोष्ट आडतदार मंडळींस हात जोडून सांगावयाची आहे. बाजारांत टपोरा, एकरंगी, चकचकीत दाणा चार पैसे अधिक खातो. बारीक दाण्यास नांवें ठेविलीं जातात. परंतु जिरायतीच्या कामीं आपण ज्यांवर भिस्त ठेवितों, त्यांपैकीं कित्येक वाण बारीक दाण्याचेच आहेत. आपण दर पाडला म्हणजे शेतकरी ते सोडतो. आणि पुढच्या अवर्षणांत तेंच बीं शोधीत समिति आपल्याच दारीं येते. दुष्काळ आकाशांतून येतो हें खरें. पण तो किती खोल जावा हें कांहीं अंशीं चाळणीवरही ठरतें.

अवर्षण सोसणारा वाण म्हणजे कांहीं चमत्कार नव्हे, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. मुळींच ओल नसेल तेथें कोणतेंही बीं उगवत नाहीं. आणि चांगल्या पावसाच्या वर्षीं लवकर पिकणारा वाण कांहीं वेळां उशिराच्या मागें पडतो. आम्ही आपणांस भरघोस पिकाचें वचन देत नाहीं. वाईट वर्षांत शून्याऐवजीं चार पोतीं यावींत, घरची डाळ व पुढचें बीं सुटावें, आणि कुळास पुन्हां आपल्या दारीं यावें लागूं नये, एवढेंच आम्ही मागतों.

त्याकरितां आमच्या मागण्या अशा आहेत. देणगीदारांनीं बियाण्यासाठीं दिलेली रक्कम धान्याच्या खात्यापासून निराळी ठेवण्याची अनुज्ञा द्यावी, म्हणजे ती नांवाजलेल्या व प्रमाणित वाणांवरच खर्च होईल. ज्यांच्या विहिरीस अद्याप पाणी आहे अशा जमीनदारांनीं प्रत्येकीं निदान अर्धा एकर हरभऱ्याच्या, तुरीच्या किंवा हुलग्याच्या एकाच शुद्ध वाणाच्या बीजोत्पादनास द्यावा. तें बीं समिति वाजवी दरानें घेईल. व्यापाऱ्यांनीं अशा बियाण्याचीं पोतीं निराळ्या कोठींत, चिठ्ठी लावून, दुसऱ्या मालांत न मिसळतां ठेवावींत. आणि वाटपाच्या वेळीं प्रत्येक गांवच्या दोन जाणत्या शेतकऱ्यांस बोलावून कोणाची जमीन हलकी, कोणाची भारी, कोणाच्या विहिरीस पाणी, हें विचारल्यावांचून एकही पोतें सोडूं नये. वाटण्यापूर्वीं प्रत्येक पोत्यांतील शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावेत व किती उगवतात तें मोजावें; यास खर्च कांहींच नाहीं, आणि यानें अनेक घरांचा हंगाम वांचेल.

शेवटीं वेळेविषयीं. धान्याची मदत आठ दिवस उशिरां पोंचली तर माणूस अर्धपोटीं राहतो, पण जगतो. बियाण्यास तशी सवड नाहीं. परतीच्या पावसाची ओल जमिनींत थोडेच दिवस टिकते. जिरायती हरभरा त्या ओलीवर पेरला गेला तर गेला, नाहीं तर वर्ष गेलें. ओल समितीच्या पुढच्या सभेची वाट पाहत नाहीं. म्हणून आजच, या सभेंतून उठण्यापूर्वीं, ज्यांस बियाण्याच्या खात्यास रक्कम द्यावयाची आहे, ज्यांस बीजोत्पादनास जमीन द्यावयाची आहे, व ज्यांच्या कोठ्या मोकळ्या आहेत, त्यांनीं चिटणिसांजवळील वहींत आपलीं नांवें लिहावींत, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंति आहे.